पाच वेळा दात घासणारी बाई

माझ्या हॉस्पिटलच्या फायलीत पहिल्याच पानावर दोन वर्षं एक खोटं वाक्य बसून होतं. 'तंबाखू: नाही.' ते मी लिहिलं नव्हतं, बोललेही नव्हते. मी तेव्हा स्ट्रेचरवर आडवी होते, नाकात नळी होती आणि छातीवर कोणी जातं आणून ठेवावं तसं झालं होतं. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन विचारत होता आणि माझी सून भराभर उत्तरं देत होती. शुगर? नाही. बीपी? आहे, गोळी सुरू आहे. तंबाखू, खर्रा, बिडी? इथे सून जवळजवळ रागावलीच.

"छे हो! आमच्या आईंना तर वाससुद्धा सहन होत नाही. बाबांचा खर्रा त्यांनीच सोडवला."

डॉक्टरने खूण केली. मी डोळे मिटून घेतले. घरच्यांना वाटलं, कळ आली.

खरं सांगायचं तर सून खोटं बोलते आहे असं मलाही तेव्हा वाटलं नाही. मी गुडाखू लावत होते आणि गुडाखूला आमच्यात कोणी तंबाखू म्हणत नाही. तंबाखू आणि गूळ कुटून केलेला तो काळा, ओलसर लगदा. मुगाएवढा बोटावर घ्यायचा, दातांवर-हिरड्यांवर घासायचा, दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं, मग थुंकून चूळ भरायची. उमरेडकडे माझं माहेर. तिकडच्या बायका याला 'दात घासणं' म्हणतात. दात घासणाऱ्या बाईला कोणी व्यसनी म्हणतं का? मी दिवसातून पाच वेळा दात घासत होते. घरात माझ्याइतकं स्वच्छ कोणी नव्हतं.

हे माझ्या मागे लागलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. तेव्हाची ती मी आज समोर आली तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. गृहविज्ञानात बी.ए. झालेली, साडीला मॅचिंग बांगड्या घालणारी, जीवनसत्त्वं पाठ असलेली बया. पोटात मुलगा, बाळंतपणाला माहेरी आलेली आणि अक्कलदाढ ठणकायला लागलेली. पोटुशीला गोळी कशी द्यायची, म्हणून एका काकूने बोटावर गुडाखू दिला. "घास वं, पाच मिनिटांत आराम." घासला. अंगण फिरलं, मी खाटेचा पाय धरून ओकले आणि दाढ थांबली. झालं! बी.ए.वालीने ठरवून टाकलं की हे औषध आहे. नागपूरला परतताना बाळाची झबली, डिंकाचे लाडू आणि लुगड्यांखाली तीन डब्या. दाढ पुढे पडूनसुद्धा गेली. डब्या राहिल्या.

पण ती तेविशीतली निदान अजाण म्हणून सोडून देता येते. चाळिशीतली मी मात्र अगदी नमुनेदार होती.

आमचे हे सरकारी कचेरीत होते. कचेरीतल्या सगळ्यांसारखा त्यांनाही खर्रा लागायचा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या कागदात घासून घासून देतात, तो. दिवसाला पाच-सहा पुड्या. शर्टाच्या खिशाला कायमचा डाग. मुलगा दहावीला गेला त्या वर्षी मी चंग बांधला. महिला मंडळात भाषण केलं, 'आपल्या माणसाचा खर्रा आपणच सोडवायचा'. टाळ्या पडल्या. माझ्या कमरेला तेव्हा डबी खोचलेली होती, हे सांगायला आज मला हसू येतं आणि नंतर बराच वेळ काही खावंसं वाटत नाही.

घरी येऊन मी यांना मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. माणूस साधा, शब्दाला पक्का. एका दिवसात बंद. पुढचे दोन महिने त्यांचे हाल कुत्र्याने खाल्ले नसतील. डोकं दुखायचं, हात थरथरायचे, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवायचे. न्हाणीघरात नळ सोडून बसायचे आणि रडायचे. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं. मी दाराबाहेर उभी राहून म्हणायची, "एवढा मोठा मानूस, पुडीसाठी रडून राहिला! लाज नाही वाटत?" आणि मागच्या अंगणात जाऊन दात घासायची.

कशी बाई होती हो ती!

आता हृदयाकडे येते. मार्च संपत आला होता, आमच्या प्रताप नगरात घरोघरी कूलर धुवायला काढले होते. मीही आमच्या कूलरचं गवत बदलत होते. जबडा दुखायला लागला, मग डावा खांदा, मग घाम. मी म्हटलं, गॅस झाला. आणि गॅसवर गुडाखूसारखं दुसरं काही नाही, लावला की ढेकर येतो, पोट मोकळं होतं. मागच्या पायरीवर बसून लावला. ढेकर आला नाही. म्हटलं, कमी पडला. आणखी लावला. हृदयाला झटका आलेला आणि ही शहाणी त्याला तंबाखू चारते आहे! असे दोन तास गेले. हे चहा मागायला आले, माझा चेहरा पाहिला, कपाळाला हात लावला आणि शेजाऱ्यांना हाक मारली. हॉस्पिटलात माझ्या नसांत दोन स्प्रिंगा टाकल्या, स्टेंट म्हणतात त्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, दोन तास काय करत होतात?" मी म्हटलं, "गॅस वाटला." तेवढं खरं होतं.

आयसीयूत चार दिवस डबी नव्हती आणि आठवणही आली नाही. तिथेच सुटलं असतं. पण घरी आले, पाचव्या दिवशी सकाळी संडासला झालं नाही, सहाव्या दिवशी झालं नाही. घरी सोडताना नर्स बजावून गेली होती की जोर लावायचा नाही, हृदयावर ताण येतो. मी विचार केला की जोर लावायचा नसेल तर पोट आपणहून साफ व्हायला हवं, आपणहून व्हायचं तर गुडाखू हवा, म्हणजे ही हॉस्पिटलचीच आज्ञा झाली. एवढा सरळ तर्क मी बी.ए.च्या पेपरातसुद्धा लढवला नव्हता.

बाकी सगळं मी केलं, हे मात्र लिहून ठेवते. वडाभातावर फोडणीचं गरम तेल वाढताना पाहुणा 'बस बस' ओरडेपर्यंत धार न सोडणारी मी, चहाच्या चमच्याने तेल मोजू लागले. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. पापड बंद. वरणाला लसणाची फोडणी नाही, की भाजीवर तर्री नाही. हे ताटाकडे बघून विचारायचे, "हे वरन हाय का हात धुवाचं पानी?" पण खायचे. साडीखाली खेळाडूंचे बूट घालून मी रोज सकाळी साडेपाचला बागेत जायची. बाकड्यावरच्या बायका म्हणायच्या, "काकू, मॅरेथॉनले जाऊन राहिल्या का?" मी म्हणायची, "हाव. तुमाले बाकडं सांभाळाले ठेवलं." मे महिन्यात साडेपाचलाच अंग भाजायचं, तरी गेले. नात माझी पावलं मोबाइलवर मोजायची आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची.

सगळे कौतुक करू लागले. नात्यात कोणाला स्प्रिंग टाकली की त्याला माझ्याकडे पाठवायचे, "काकूंना विचारा, त्यांनी कसं सगळं सोडलं." मी पदर सावरून सांगायची. मिठाचं सांगायची, तेलाचं सांगायची, मनाचा निश्चय वगैरे सांगायची. पाहुणा गेला की मागचं दार लावून घ्यायची. कौतुक जितकं वाढलं, तितकं ती डबी कोणाला दाखवणं अवघड होत गेलं. पहिल्याच महिन्यात पकडली गेले असते तर चार शिव्या खाऊन मोकळी झाले असते.

आणि मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. आताशा डबीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं. ते दिसू नये म्हणून मी गुडाखू काळ्या दंतमंजनाच्या डबीत काढून ठेवायची. ज्या बाईला काही माहीत नाही, ती चित्र कशाला लपवेल?

हॉस्पिटलच्या बाकावर बसून तासन् तास भिंतीवरचा तक्ता पाहिला आहे मी. 'हृदयाचे शत्रू'. त्यात एक मिशीवाला माणूस होता, हातात सिगरेट. दुसरा मिशीवाला, गालात तंबाखू. तिसरा मिशीवाला, समोर बाटली. बाई एकच, ती ताटात पुऱ्या वाढत होती. तोंडात बोट घालून मागच्या पायरीवर बसलेली बाई कुठेच नव्हती. मला तो तक्ता फार आवडायचा.

सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. गुडाखू आणून देणारी आमच्याकडे भांडी घासणारी बाई. ती स्वतःही लावते. तिला मी सांगितलं, आता आणू नको. त्याऐवजी भाजलेली बडीशेप ठेवली, मग करवंटीच्या कोळशाचं मंजन केलं, मग तोंडात मिरी धरली. एकदा तीन दिवस निघाले, एकदा पाच, एकदा नऊ. नवव्या दिवशी काही मोठं दुःख कोसळलं नव्हतं. नळाला पाणी आलं नाही, एवढंच. मी कढईवरून त्या बाईवर ओरडले. तिने हात पुसले, कमरेची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या जी काकू. तुमी सोडलं का माह्या घासल्या भांड्यात खोट निंगते. त्यापरीस घ्या."

"माझ्या जिवावर उठलीस का वं?"

"मी कायले उठू? तुमीच उठून राहिल्या. मी तं फक्त आनून देतो."

घेतला. लावला. डोकं हलकं झालं, नळालाही पाणी आलं. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. जीव वाचवण्यासारख्या मोठ्या कारणासाठी जे सुटत नाही, ते एका करपलेल्या कढईपायी पुन्हा धरलं जातं. डॉक्टर लोक म्हणतात, "मनावर घ्या." अरे बाबांनो, मनावर घेऊनच तर बसले आहे दोन वर्षं. पोटाला, डोक्याला, हिरड्यांना कोण सांगणार? सकाळी पाचला हाताचं बोट माझ्या आधी उठून डबी शोधतं.

दोन वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागली. पुन्हा तपासणी झाली. स्प्रिंगा ठीक होत्या, पण दुसरीच एक नस अरुंद होत चालली होती. डॉक्टर फाईल चाळत बसले. भले गृहस्थ, मला आजी म्हणतात.

"आजी, तेल कमी, मीठ कमी, चालणं रोजचं, गोळ्या वेळेवर. तंबाखू नाही." त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. "मग हे इतक्या लवकर का वाढतंय, मला कळत नाही."

"घरात काहीच नाही हो," सून म्हणाली.

"तीन महिने औषधं वाढवून बघू. नाही थांबलं तर बायपास. पण तुमचं वय, बीपी... मला ते टाळायचं आहे."

मी तक्त्यावरच्या पुऱ्या वाढणाऱ्या बाईसारखी हसले.

औषधं वाढली. माझ्या पायात गोळे येऊ लागले, उठताना चक्कर यायची. एवढं चाललंच असतं. पण सुनेने दोष स्वतःवर घेतला. बँकेतली नोकरी, सकाळी आठला निघायचं, तरी ती पाचला उठून माझी भाजी वेगळी शिजवायला लागली. आता तेलाचा तो चमचाही गेला. घरात पुरणपोळी बंद केली, नातीच्या वाढदिवसाचा केक बंद केला, 'आईंच्या समोर नको'. एक दिवस डब्यांची झाकणं लावता लावता ओट्यापाशी उभी राहून रडायला लागली. "आई, मी कुठे कमी पडते, तेच कळत नाही मला." मी तिची पाठ थोपटली. ज्या हाताने थोपटली, त्याच्याच बोटाला काळा डाग होता. ती पुण्याकडची. तिला गुडाखू हा शब्दही माहीत नव्हता.

फुटलं ते नातीमुळे. आठ वर्षांची आहे. पाच-सात वर्षांपूर्वीच माझे दात गेले, चाळीस वर्षं इतके घासल्यावर जाणारच. आता वर पूर्ण कवळी, खाली अर्धी. त्या रविवारी मागच्या पायरीवर मी बोट तोंडात घालून बसले होते आणि पोरगी दारात उभी.

"आजी, तू काय करतेस?"

मी तोंड न उघडता खूण केली, दात घासते.

ती आत गेली, मोरीवरच्या वाटीत डोकावून परत आली. "पण तुझे दात तर वाटीत आहेत. मग तू घासतेस काय?"

माझं तोंड भरलेलं होतं. थुंकले, चूळ भरली, तोवर पोरगी खेळायला निघून गेली. ती विसरूनही गेली असेल. मी मात्र पायरीवरच बसून राहिले. एवढे डॉक्टर, एवढी यंत्रं, नसेतून तार घालून हृदयापर्यंत जाऊन आले, पण हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता.

संध्याकाळी हे अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मी मंजनाची डबी त्यांच्यापुढे धरली.

"हे मंजन नव्हे. गुडाखू हाय."

"कोनाचा?"

"माझा."

त्यांनी डबी नाकाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. नळीतलं पाणी एकाच कुंडीत वाहत राहिलं.

"कधीपासून?"

"पोरगा पोटात होता तेव्हापासून."

ते हिशेब करत असावेत. मग अगदी हळू म्हणाले, "मी खर्रा सोडला तेव्हाबी?"

"हाव."

"मी न्हानीत बसत होतो, तू बाहेर उभी राहत होती. तेव्हाबी?"

"तेव्हाबी."

मला वाटलं ओरडतील. महिला मंडळाचं भाषण काढतील. मी तयारीत होते, ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "घरात वास येत होता मले. खर्रा सोडल्यावर किती दिवस, सकाळ-संध्याकाळ वास यायचा. मले वाटलं, माह्या डोक्यातच हाय थे. म्या म्हटलं, आपन येडे होऊन राहिलो. कोनाले सांगतलं नाही."

डबी माझ्या हातात परत दिली, नळ बंद केला आणि आत गेले.

चार दिवस बोलले नाहीत. चहा समोर ठेवला की प्यायचे, कप उचलून मोरीत ठेवायचे. आयुष्यभर कधी कप न उचलणारा माणूस. मला तो कप उचलणं शिवीपेक्षा लागायचं. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "तुम्ही सांगा डॉक्टरले. मले नाही होत."

"मी नाही सांगनार. तू सोडवला ना माहा? भाषण दिलं ना? आता तुह्या तोंडानं सांग." मग म्हणाले, "गाडीत संगं येतो मी. पन आत नाही येत."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा सून बाजूच्या खुर्चीवर होती. मी म्हटलं, पहिल्या पानावर चूक आहे, तंबाखूसमोर 'हो' लिहा. सुनेने माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं गोळ्यांनी भ्रम झाला. मग मी बोट दाखवलं, डबी दाखवली, दिवसातून पाच वेळा लावते हे सांगितलं, दोन तासांचा गॅस सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता झाडाझडती होईल. ते म्हणाले, "आजी, दोन वर्षं मी तुमच्या नसांशी भांडतोय आणि तुम्ही त्यांना रोज पाच वेळा आवळताय." बस, एवढंच. त्यांनी खोडून नवीन लिहिलं. निकोटीनचा च्युइंगम लिहून दिला. तो माझ्या कवळीला चिकटला आणि कवळी हातात आली, ते सोडा. मग चिकटपट्टी दिली, दंडाला लावायची. नागपूरच्या घामात ती दुपारपर्यंत पदराला जाऊन चिकटते. डॉक्टर म्हणाले, एकदम जमत नसेल तर कमी करत आणा, पण किती लावता ते मला खरं सांगायचं.

परतताना सुनेने गाडी चालवताना एकदाच तोंड उघडलं. "मी तुमच्यासाठी खोटं बोलले, आई. दोनदा. मला माहीतसुद्धा नव्हतं मी खोटं बोलतेय."

मी म्हटलं, "माझं चुकलं." एवढ्या वर्षांत सुनेला हे शब्द मी पहिल्यांदा म्हणत होते आणि ते फारच अपुरे होते. त्यानंतर ती बरी वागते, पण माझ्या तोंडाकडे बघते. बोलताना, जेवताना, हसताना. भाजीत आता एक चमचा तेल परत आलं आहे, तेवढाच काय तो फायदा.

पाचाचे चार झाले, तीन झाले. भांडेवाल्या बाईने आणणं बंद केलं, कारण यांनी तिला बजावलं. मग मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. बागेत चालायला जाते म्हणून गेले आणि तेच खेळाडूंचे बूट घालून गुडाखू घेऊन आले. एका सकाळी चिडून पूर्ण डबी संडासात ओतली, आणि संध्याकाळी दुसरी आणली. दोनवर आले. एकवर आले. सून खूश झाली, हेही पुन्हा चहाचा कप जागेवर सोडू लागले. आणि मग एक दिवस काहीही कारण नसताना परत दोन. कारण असतं तर राग तरी काढता आला असता.

गेल्या आठवड्यात तीन महिने पुरे झाले. तपासणीत नस तेवढीच होती, वाढली नाही, उघडलीही नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आता किती?"

सून उत्साहाने म्हणाली, "एकच हो, फक्त सकाळी. पुढच्या महिन्यात तर..."

"थांब गं," मी म्हटलं. "दोन. परवा तीन झाल्या होत्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता लिहिलं, 'दोन, कधी तीन'. बायपासचं ठरवायला आणखी एक महिना देतो म्हणाले. त्यापुढे मुदत देता येणार नाही.

बाहेर बाकावर हे बसले होते, मिशीवाल्यांच्या तक्त्याखाली. "काय सांगतलं?"

"दोन. कधी तीन."

"मले तं काल एक म्हनत होती."

"तुम्हाले सांगाची जास्त लाज वाटते," मी म्हटलं.

सून औषधांच्या रांगेत उभी होती, पुढे पाच-सहा माणसं होती. हे जरा सरकले आणि मी बाजूला टेकले. माझं बोट पदराआड अंगठ्यावर घासत होतं, त्याची वेळ झाली होती. यांनी ते पाहिलं. वरून हात ठेवला आणि दाबून धरला, प्रेमाने वगैरे नाही, पळून जाणारं ढोर धरावं तसा.

"किती वेळ राहते थे?" मी विचारलं. "एकदा लहर आली का?"

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "मंग जाते. मंग परत येते."